ठिपक्यांची पत्रं

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ‘द हॉबिट’ वाचलं असेल. वाचलं नसेल, तर सिनेमा तरी पाहिला असेल. बिल्बो, ड्रॅगन, तेरा बुटके... हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. त्यामुळे हे पुस्तक माझ्या हातात पडलं, तेव्हा मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती!

या पुस्तकाचे लेखक जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन. आज आपण त्यांचीच गोष्ट वाचणार आहोत. पण ड्रॅगनची नाही, पत्रांची. प्राध्यापक होण्याआधी टॉल्किन सैनिक होते. ते परदेशात युद्धावर गेले आणि घरी त्यांची बायको वाट बघत राहिली. पुढे त्यांचा मुलगा सैन्यात गेला, आणि मग वाट बघायची पाळी त्यांच्यावर आली.

सुरुवात मात्र युद्धाच्याही आधी होते. जगाचा नकाशा काढा आणि दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफोंटेन हे गाव शोधा. सापडलं? तिथे ३ जानेवारी १८९२ रोजी रोनाल्डचा जन्म झाला. (घरी सगळे त्याला रोनाल्डच म्हणत.) त्याचे वडील आर्थर तिथल्या बँकेत मॅनेजर होते. आई मेबल. दोन वर्षांनी धाकटा भाऊ हिलरी जन्मला. आईबाबा दोघंही मूळचे इंग्लंडचे; नोकरीसाठी इतक्या लांब आलेले. हे तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना?

तिथला उन्हाळा रोनाल्डला सोसत नसे. म्हणून एप्रिल १८९५ मध्ये आई दोन्ही मुलांना घेऊन बोटीने इंग्लंडला गेली. बाबा कामासाठी मागे राहिले; ते नंतर येणार होते. निघण्यापूर्वी बाबांनी सामानाच्या पेटीच्या झाकणावर रंगाने आपलं नाव लिहिलं. तीन वर्षांचा रोनाल्ड ते बघत उभा होता. वडिलांची एवढी एकच स्पष्ट आठवण त्याच्याजवळ राहिली.

कारण बाबा आलेच नाहीत. ते आजारी पडले. १४ फेब्रुवारी १८९६ या दिवशी चार वर्षांच्या रोनाल्डने बाबांना पत्र ‘लिहिलं’. म्हणजे तो सांगत गेला आणि सांभाळणाऱ्या बाईंनी ते लिहून घेतलं. आपण आता परत येणार, आपल्याला मोठ्या माणसांसारखा कोट मिळालाय, बाबा आपल्याला ओळखणारही नाहीत, असं काहीबाही त्यात होतं. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात तार आली. तार म्हणजे टेलिग्राम, त्या काळचा सगळ्यात जलद निरोप. आर्थर फार आजारी आहेत, वाईट बातमीची तयारी ठेवा, असा तो निरोप होता. दुसऱ्या दिवशी ते गेले. ते पत्र कधीच पाठवलं गेलं नाही.

आईने मुलांना बर्मिंगहॅमजवळच्या एका खेड्यात वाढवलं. लॅटिन, फ्रेंच, झाडंझुडपं ओळखणं, सगळं तिनेच घरी शिकवलं. पण तिला मधुमेह होता, आणि इन्सुलिनचा शोध अजून लागायचा होता. १९०४ साली तीही गेली, तेव्हा रोनाल्ड बारा वर्षांचा होता. मुलांची जबाबदारी फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी घेतली.

सोळाव्या वर्षी रोनाल्डची एडिथ ब्रॅट या मुलीशी ओळख झाली. तीही अनाथ होती, आणि दोघं एकाच घरात भाड्याने राहत होते. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पियानो छान वाजवायची. दोघांचं प्रेम जमलं. फादर फ्रान्सिसना हे कळलं तेव्हा ते चांगलेच रागावले. अभ्यासाचं काय? त्यांनी रोनाल्डला बजावलं की एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्या मुलीला भेटायचं नाही आणि पत्रही लिहायचं नाही.

रोनाल्डने ऐकलं. मला हे जरा नवलच वाटतं. जवळजवळ तीन वर्षं त्याने वाट पाहिली. ३ जानेवारी १९१३ ला घड्याळात बाराचे ठोके पडले, एकवीस वर्षं पूर्ण झाली, आणि त्याने लगेच एडिथला पत्र लिहायला घेतलं. उत्तर आलं ते धक्का देणारं होतं. तिचं लग्न दुसऱ्या मुलाशी ठरलं होतं. रोनाल्डने आता आपली आठवण ठेवली नसेल असंच तिला वाटलं होतं. तो गाडी पकडून तडक तिच्या गावी गेला. ती स्टेशनवर आली होती. दिवसभर दोघं बोलले, आणि संध्याकाळपर्यंत तिने पहिली अंगठी परत करायचं ठरवलं.

आतापर्यंत मी ‘तो’ म्हणत होतो, कारण रोनाल्ड लहान होता. आता तो ऑक्सफर्डमधून पदवी घेऊन सैन्यात अधिकारी होतोय, तर आपण ‘ते’ म्हणू या. मराठीत माणूस असाच मोठा होतो.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. टॉल्किन यांनी आधी पदवी पूर्ण केली, मग ते लँकशायर फ्युजिलियर्स या पलटणीत गेले. २२ मार्च १९१६ रोजी त्यांनी आणि एडिथने लग्न केलं. एवढी घाई का, हे दोघांनाही ठाऊक होतं. फ्रान्समध्ये तरुण अधिकारी भराभर मरत होते. लग्नाला तीन महिनेही झाले नाहीत, तोच जूनच्या सुरुवातीला टॉल्किन बोटीने फ्रान्सला निघाले. वाटेत त्यांचं सामान हरवलं. खाट, झोपायची पिशवी, बूट, सगळं गेलं.

सैन्यात त्यांचं काम काय होतं माहितेय? संदेशवहन, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणं. सेनापती मागे, सैनिक पुढे खंदकात. (खंदक म्हणजे जमिनीत खोदलेला लांब, खोल चर. त्यात सैनिक राहायचे आणि लढायचे.) मध्ये निरोप कसा जाणार? टेलिफोनच्या तारा होत्या, पण तोफगोळे पडले की त्या तुटायच्या. शिवाय जर्मन त्या तारांवरचं बोलणं चोरून ऐकायचे. मग झेंडे हलवायचे, दिवे उघडझाप करायचे, मोर्स कोड वापरायचा, नाहीतर कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधायची. काहीच जमलं नाही, तर एखाद्या सैनिकाच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला गोळ्यांमधून पळत पाठवायचं.

एवढे सगळे निरोप पोचवणाऱ्या माणसाला बायकोला मात्र साधी एक गोष्ट सांगायची परवानगी नव्हती. ती गोष्ट म्हणजे, मी कुठे आहे.

पत्र शत्रूच्या हाती पडलं तर? म्हणून युद्धावरून लिहिलेल्या पत्रात गावाचं नाव, पलटणीचा ठावठिकाणा असलं काही लिहायला सक्त मनाई होती. साध्या सैनिकांची पत्रं त्यांचे अधिकारी आधी वाचायचे आणि नको तो मजकूर खोडायचे. विचार करा, तुम्ही आईला लिहिलेलं पत्र आधी तुमचा साहेब वाचणार! टॉल्किन यांनाही आपल्या सैनिकांची पत्रं अशी वाचावी लागत.

ज्यांना वेळ नसे त्यांच्यासाठी छापील कार्डं असत. त्यावर तयार वाक्यं: मी बरा आहे, मी इस्पितळात आहे, तुमचं पत्र मिळालं, वगैरे. लागू नसतील ती वाक्यं खोडायची, खाली सही करायची, तारीख घालायची. एक शब्द जरी जास्त लिहिला, तरी ते कार्ड फाडून टाकत. पण नुसतं ते कार्ड आलं तरी घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. निदान कार्ड लिहिलं त्या दिवशी आपला माणूस जिवंत होता! ब्रिटिश सैन्याचं टपालखातं अफाट मोठं होतं. युद्ध ऐन भरात असताना आठवड्याला सुमारे १ कोटी २० लाख पत्रं जात-येत होती.

टॉल्किन यांनी एक युक्ती काढली. निघण्यापूर्वी त्यांनी आणि एडिथने एक सांकेतिक लिपी ठरवली. संकेत म्हणजे फक्त दोघांनाच कळणारी खूण. पत्र नेहमीसारखंच लिहायचं, पण त्यात बारीक ठिपके द्यायचे. पाहणाऱ्याला वाटावं, पेनातून शाई ठिबकली असेल. एडिथ मात्र ते ठिपके वाचून ते साधारण कुठे आहेत, हे ओळखायची. ती तेव्हा ग्रेट हेवूड नावाच्या खेड्यात नात्यातल्या एका बहिणीसोबत राहत होती. तिने भिंतीवर फ्रान्सचा मोठा नकाशा लावला होता. पत्र आलं, ठिपके वाचले, की ती नकाशावर खूण करायची.

तुम्ही फोनवर घरच्यांचा निळा ठिपका बघता ना? आई ऑफिसातून निघाली का, ताई कुठे पोचली? एडिथचा नकाशाही तसाच, फक्त काही दिवस मागे राहिलेला. आज आलेला ठिपका परवाचा असायचा. परवा ते तिथे होते, पण आज? दारावर टकटक झाली की ती दचकायची. ती टकटक तारेचीही असू शकत होती.

आणि ते दिवसही तसेच होते. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सॉम नदीच्या परिसरात मोठी लढाई सुरू झाली. पहिल्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक मेले. जखमी आणि बेपत्ता धरून आकडा ५७,४७० वर जातो. टॉल्किन यांची तुकडी त्या दिवशी मागे राखीव होती. दोन आठवड्यांनी त्यांना ओव्हिलेर्स या गावाजवळ पुढे जावं लागलं.

शाळेत असताना टॉल्किन यांचा चौघांचा घट्ट गट होता. रॉब गिल्सन, जेफ्री स्मिथ, ख्रिस्तोफर वाइजमन आणि ते स्वतः. चहा प्यायचा, कविता वाचायच्या, आपण जगात काहीतरी मोठं करणार असं ठरवायचं. (अशी टोळी आमचीही होती. आम्ही चहाबरोबर वडापाव खायचो, आणि मोठं काय करणार ते अजून ठरायचं आहे.) हे चौघेही युद्धात होते आणि एकमेकांना पत्रं लिहीत. टॉल्किन ओव्हिलेर्सहून परतले तेव्हा स्मिथचं पत्र येऊन पडलं होतं. गिल्सन पहिल्याच दिवशी, १ जुलैला, मारला गेला होता.

पावसाळी शरद ऋतू आला. खंदकांत चिखल झाला, आणि उवा तर प्रत्येकाच्या अंगावर होत्या. या उवांमुळे एक ताप यायचा. त्याला खंदक-ताप म्हणत. ऑक्टोबरच्या शेवटी टॉल्किन यांना तो ताप आला आणि काही केल्या उतरेना. नोव्हेंबरमध्ये त्यांना इस्पितळाच्या बोटीने इंग्लंडला परत पाठवलं. एडिथच्या भिंतीवरच्या नकाशाचं काम संपलं.

स्मिथ मात्र फ्रान्समध्येच होता. बॉम्बचे तुकडे लागून ३ डिसेंबर १९१६ ला तो गेला. त्याआधी त्याने टॉल्किन यांना एक पत्र लिहिलं होतं. मी मेलो तरी आपल्या चौघांना जे सांगायचं होतं ते सांगायला कुणीतरी उरेल, ते तू सांग, असा त्या पत्राचा आशय होता. चौघांपैकी फक्त टॉल्किन आणि वाइजमन उरले. टॉल्किन यांनी १९१८ मध्ये स्मिथच्या कवितांचं पुस्तक निघेल असं पाहिलं.

आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली. इस्पितळात आणि आजारपणाच्या रजेत, साध्या वह्यांमध्ये. गोंडोलिन नावाचं एक गुप्त नगर, त्यावर चालून येणारी राक्षसी सैन्यं, नगराचा नाश. पुढची दोन वर्षं ताप पुन्हा पुन्हा उलटत राहिला. ते परत युद्धावर गेलेच नाहीत. आपण उवांचे आभार मानावेत की काय, कळत नाही.

मधली वीस वर्षं मी भराभर सांगतो. टॉल्किन आधी लीड्सला आणि मग १९२५ पासून ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. जॉन, मायकल, ख्रिस्तोफर आणि प्रिसिला अशी चार मुलं झाली. १९२० पासून दर नाताळला या मुलांना उत्तर ध्रुवावरून फादर ख्रिसमसचं पत्र यायचं. अक्षर थंडीने थरथरलेलं, पाकिटावर हाताने रंगवलेलं उत्तर ध्रुवाचं तिकीट, आत चित्रं आणि एका धांदरट अस्वलाच्या करामती. लिहायचं कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. हा उद्योग १९४३ पर्यंत चालला. १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ छापून आलं, आणि प्रकाशकांनी आणखी मागितलं म्हणून त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहायला घेतलं.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. मायकल विमानविरोधी तोफांवर होता. शौर्यासाठी त्याला पदकही मिळालं. तिसरा मुलगा ख्रिस्तोफर १९४३ मध्ये हवाई दलात गेला. आणि जानेवारी १९४४ मध्ये त्याला विमान चालवायच्या प्रशिक्षणासाठी कुठे पाठवलं असेल? दक्षिण आफ्रिकेत! पुन्हा नकाशा काढा. ख्रिस्तोफरची एक छावणी क्रूनस्टाडला होती. ते ब्लूमफोंटेनपासून साधारण २०० किलोमीटरवर आहे. टॉल्किन ज्या मुलखातून तीन वर्षांचे असताना निघाले आणि परत कधीच गेले नाहीत, तिथेच त्यांचा मुलगा गेला होता. आर्थर यांना पुरलं होतं तेही ब्लूमफोंटेनलाच.

आता घरी थांबणारे टॉल्किन होते. वय बावन्न. दिवसा शिकवायचं, काही रात्री हवाई हल्ल्याच्या पहाऱ्याला जायचं, घरामागे कोंबड्या पाळायच्या. आणि ख्रिस्तोफरला पत्रं लिहायची. एक नाही, दोन नाही, ढीगभर. कधी दोन-तीन दिवसांत दुसरं पत्र. बोटी बुडायच्या, टपाल उशिरा पोचायचं, म्हणून त्यांनी पत्रांना नंबर घातले. म्हणजे कुठलं पोचलं नाही ते लगेच कळेल. मी दिवसभर संगणकावर काम करतो, तिथे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर माहिती पाठवताना अगदी हेच करतात. तुकड्यांना नंबर द्यायचे आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागायचा. टॉल्किन यांना संगणक माहीत नव्हता, पण संदेशवहनाचं काम ते विसरले नसावेत.

काही पत्रं ‘एअरग्राफ’ने जात. ठरावीक कागदावर पत्र लिहायचं, मग त्याचा फोटो काढून तो इवल्याशा फिल्मवर घ्यायचा. अशी शेकडो पत्रं एका छोट्या रिळात मावत. ते रीळ विमानाने जायचं, आणि तिकडे पुन्हा कागदावर छापून पत्र हातात यायचं. वजन कमी, वेळ कमी. फक्त कागद लहान, त्यामुळे टॉल्किन यांच्यासारख्या भरपूर बोलणाऱ्या माणसाची पंचाईत!

काय लिहायचे ते? तुम्ही आजीला फोनवर सांगता तेच. हवा कशी आहे, बागेत काय फुललं, कोंबड्यांचं काय चाललंय, कोण भेटलं. पण त्यातच आणखी एक बातमी असायची. फ्रोडो आणि सॅम आज कुठे पोचले. होय, तेच फ्रोडो आणि सॅम! ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ बरेच महिने रखडलं होतं. १९४४ च्या वसंतात टॉल्किन यांनी ते पुन्हा हातात घेतलं, आणि एकेक प्रकरण टाइप होऊन दक्षिण आफ्रिकेला जाऊ लागलं. एकदा त्यांनी कळवलं की जंगलातून एक नवाच माणूस गोष्टीत चालत आला आहे, आपण त्याला बोलावलंही नव्हतं. तो फारामीर. घरी पाहुणा आला, अशा थाटात ही बातमी सांगितली होती. एक प्रकरण ऐकताना मित्र सी. एस. लुईस यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही त्यांनी मुलाला कळवलं.

ख्रिस्तोफरच का? तो अगदी लहान असल्यापासून या गोष्टींचा सगळ्यात कडक परीक्षक होता. ‘हॉबिट’ ऐकताना, मागच्या वेळी दाराचा रंग वेगळा होता, असं सांगून तो बाबांना पकडायचा. मोठा झाल्यावर गोष्टीचे नकाशेही तोच काढायचा. आता तो दूर छावणीत होता आणि तिथे त्याचं मन रमत नव्हतं. वडिलांना हे पत्रांतून कळत होतं. त्यांनी त्याला स्वतःचं सांगितलं. आपणही तुझ्या वयात अशाच घाणेरड्या छावण्यांत, तंबूत मेणबत्तीच्या उजेडात, कधी तोफगोळे पडत असताना जमिनीखाली बसून गोष्टी रचायला लागलो होतो. तूही लिहून बघ.

त्या प्रकरणांमध्ये एक दलदल आहे. पाण्याखाली मेलेल्या सैनिकांचे चेहरे दिसतात, आणि फ्रोडो, सॅम तिथून जातात. वाचली असेल तर तुम्हाला नक्की आठवेल, कारण अंगावर काटा येतो. त्या जागेत सॉमच्या लढाईनंतरच्या फ्रान्सचं काहीतरी आहे, असं टॉल्किन यांनी नंतर मान्य केलं. आणि सॅम हा मुळात कोण? पहिल्या युद्धात त्यांच्या हाताखाली असलेले साधे सैनिक आणि अधिकाऱ्यांची सेवा करणारे शिपाई. त्यांना ते स्वतःपेक्षा थोर समजत. ज्यांची पत्रं त्यांना वाचावी लागली होती, त्यांच्यापैकीच हे लोक.

अट्ठावीस वर्षांपूर्वी ते बायकोला ठिपक्यांनी सांगत होते, मी इथे आहे. आता मुलाला सांगत होते, फ्रोडो इथे आहे, सॅम इथे आहे, तू वाचतो आहेस ना?

ख्रिस्तोफर १९४५ मध्ये सुखरूप परत आला. पुस्तक पूर्ण व्हायला आणि छापायला आणखी बरीच वर्षं गेली. १९५४-५५ मध्ये ते तीन भागांत निघालं, आणि त्यातला नकाशा ख्रिस्तोफरने काढलेला होता. तुमच्या घरच्या प्रतीत असेल, तर उघडून बघा.

एडिथ १९७१ मध्ये गेल्या, टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी. ऑक्सफर्डला एकाच थडग्यात दोघं आहेत. ख्रिस्तोफर यांनी (आता त्यांनाही ‘ते’ म्हणायला हवं) प्राध्यापकाची नोकरी सोडली आणि वडिलांच्या कागदांचे ढीग उपसायला घेतले. बारीक अक्षर, एकावर एक खोडलेल्या ओळी, परीक्षेच्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेली पानं. या कामाला त्यांची उरलेली सगळी वर्षं लागली. त्या ढिगात १९१६-१७ च्या वह्याही होत्या, फ्रान्सहून आजारी होऊन परतल्यावर लिहिलेल्या. त्यांतल्या गोंडोलिनच्या गोष्टीचं स्वतंत्र पुस्तक २०१८ साली निघालं. तेव्हा ख्रिस्तोफर ९३ वर्षांचे होते.